घोड्याखालचा पत्ता

नानांकडे सामान द्यायला जायचं म्हणजे विमानतळावरच्या तपासणीची तयारी ठेवूनच जावं लागे. मस्कतात आम्हा मराठी माणसांचा जुना रिवाज आहे, गावी जाणाऱ्याने दुसऱ्यांची पार्सलं न्यायची. कुणाच्या आईसाठी वेदनाशामक मलम, कुणाच्या भाच्यासाठी बूट, आणि खजूर तर प्रत्येकाचाच. बाकीचे लोक पिशवी घेतात, "हो हो, देतो" म्हणतात आणि मुंबईला उतरल्यावर कुरिअर करून मोकळे होतात. नाना तसले नव्हते. ते तुम्हाला अल अमेरातमधल्या आपल्या खोलीत गुरुवारी संध्याकाळी बोलावत, समोर बसवत आणि तुमची पिशवी तुमच्याच हातांनी उघडायला लावत. दाराच्या कडीला ताणकाटा टांगलेला असे.

"खजूर एक किलो लिहिलायस. हा नऊशे चाळीस भरतो."

"नाना, साठ ग्रॅमनं काय होतंय?"

"काय होतंय? तुझी आई तिकडे वजन करून बघील नि म्हणील, नानानं वाटेत खाल्लान."

मग ते पार्सल जाड कापडात शिवायचे आणि लांबट वहीत नोंद करायचे. देणार कोण, घेणार कोण, गाव, आत काय. शेवटचा रकाना होता 'पोचलं'. त्यात घेणाऱ्याची सही लागे. फोनवरून "मिळालं हो" म्हटलेलं नानांना चालत नसे. हाताने दिलं आणि हाताने घेतलं तरच ते पोचलं, असा त्यांचा कायदा होता.

नाना आमच्या कंपनीत जमिनीचे सर्व्हेअर. माणूस मूळचा वेंगुर्ल्याच्या बाजूचा. एरवी बरं मराठी बोलायचे, पण चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत शिरत. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. मी 'इंजिनेर'. कुठेही गेलं की ते आधी ती जागा पावलांनी मोजायचे. रुवीतला चौक, मत्रहचा समुद्रकाठ, सलालाहमधल्या नारळाच्या बागा, सगळं त्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर पावलांत लिहिलेलं होतं. "मोजल्याशिवाय बघलंय म्हणा नको," असं ते बजावत. एकदा आम्ही सगळे सहकुटुंब डोंगरातला किल्ला बघायला गेलो, तर बायकापोरं गाडीत उकडत बसलेली आणि नाना किल्ल्याला दुसरी फेरी मारत होते, कारण पहिल्या फेरीत शिंक आली आणि आकडा चुकला.

दुसरा विक्षिप्तपणा ग्लासाचा. नानांच्या पिशवीत कायम स्वतःचा स्टीलचा ग्लास असे. दुसऱ्याच्या भांड्याला त्यांचा ओठ लागत नसे. माझ्या बाबांचा चष्मा मी एकदा त्यांच्याबरोबर दिला होता. वाटलं, हे गोव्याला उतरून पुढे पोस्टाने पाठवतील. हा माणूस वेंगुर्ल्याहून दोन एसट्या आणि एक रेल्वे बदलून थेट नांदेडला आमच्या दारात उभा. आईचा फोन आला, "चांगलाय रे तुझा नाना. दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला. पाण्याला मात्र पिशवीतनं स्वतःचा ग्लास काढला बघ."

ते ऐकून माझं डोकं सणकलं. आम्ही बौद्ध. आमच्या दारात येऊन स्वतःचा ग्लास काढणाऱ्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलोय. नाना परत आल्याबरोबर मी त्यांना अल खुवैरच्या ऑफिसात, सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, माझ्या घरी ग्लास कशाला काढला?"

ते गोंधळले. मग म्हणाले, "अरे, मी सासुरवाडीला पण काढतो. सासू तीन वर्षं बोलत नव्हती."

मी विश्वास ठेवला नाही. पण मग आमच्या ओमानी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, घरी ईदला गेलो. तिथे काहव्याचे, म्हणजे अरबी कॉफीचे, दोन-तीनच छोटे कप असतात आणि तेच सगळ्या बैठकीत फिरतात. नानांनी खिशातून स्वतःचा छोटा कप काढून पुढे धरला. अर्बाब हसून हसून लोळायचा बाकी राहिला. तिकडे कप नुसता रिकामा करून उपयोग नसतो, वाढणारा पुन्हा भरतो. 'बस' म्हणायचं तर कप हातात धरून जरासा हलवायचा. नाना आपला कप इतक्या ऐटीत हलवत की जणू देवळातली घंटाच वाजवतायत. त्या दिवशी माझी खात्री पटली. ह्या माणसाला जात-बित काही नव्हती, उष्ट्याचं वेड होतं आणि त्यात सासू, अर्बाब आणि मी एकाच रांगेत होतो.

आता भोपळेवाल्याचं.

नानांच्या वहीत तीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि प्रत्येक ओळीला सही होती. एकच ओळ सोडून. ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं नाना माझी थट्टा करतायत. 'आत काय: भोपळ्याचं भांडं एक, धातूची नळी एक. घेणार: सायब. पत्ता: मोंतेव्हिदेओ, मोठा चौक, घोड्याच्या खाली, सुट्टीच्या दिवशी सकाळी.'

"हा काय पत्ता झाला?"

"का? आमच्या गावात 'वडाखाली' लिहिलं तरी पत्र येतं."

झालं होतं असं. अकरा वर्षांपूर्वी नाना सलालाहला बंदराच्या कामावर होते. तिथे उरुग्वेचा एक इंजिनिअर होता. रोज सकाळी तो वाळक्या भोपळ्याच्या छोट्या भांड्यात कसलासा हिरवा पाला भरायचा, वर गरम पाणी ओतायचा आणि नळीने ओढायचा. त्यांच्या देशात ते भांडं आणि ती नळी सगळ्यांत फिरते. एकाने ओढलं की भरून दुसऱ्याला. तो रोज पहिलं भांडं नानांसमोर धरी, आणि नाना रोज म्हणत, "टुमारो, इन्शाल्ला."

आखातात राहिलेल्याला हे सांगायला नको. "टुमारो, इन्शाल्ला" म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणण्याचं पाप टाळून म्हटलेलं नाही. सात महिने नाना हे म्हणत होते आणि सात महिने तो भला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडं पुढे करत होता. सुट्टीच्या गप्पांत तो सांगायचा, माझ्या गावी मोठा चौक आहे, मधे घोड्यावरचा वीर आहे, सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिथे हेच घेऊन बसतो, तू ये कधीतरी. नाना त्यालाही म्हणायचे, "टुमारो, इन्शाल्ला."

मग एका सकाळी त्याला घरून फोन आला, आई अत्यवस्थ. गाडी केबिनच्या दारात आली. गडबडीतही त्याने भांडं भरून नानांपुढे केलं. नाना म्हणाले, "टुमारो." तो म्हणाला, "मग नुसतं धर," आणि बॅग उचलायला वळला. ड्रायव्हर 'यल्ला यल्ला', चला चला करत होता. गाडी सुटली. नाना हातात ते भरलेलं भांडं घेऊन फाटकापर्यंत धावले, अर्धं पाणी स्वतःच्या पॅंटवर सांडलं, आणि गाडी गेली.

"परत आलाच नाही रे," नाना मला म्हणाले. "मी एकदा तरी प्यायला पायजे होता."

मी म्हटलं, "कुरिअर करा."

"पत्ता काय घालू? घोड्याखाली?"

मी इंटरनेटवर शोधलं. त्या इंजिनिअरचं नाव इतकं सर्वसाधारण, की त्या नावाची माणसं तिथे आपल्याकडच्या पाटलांइतकी निघाली. नानांची निवृत्ती आली. त्यांना कायमचं गावी परत जायचं होतं, आणि ती एक ओळ कोरी ठेवून ते ओमान सोडणार नव्हते. कंपनी जाताना घरचं तिकीट देते. नानांनी अर्जात 'घर' या रकान्यात मोंतेव्हिदेओ लिहिलं. कागद बघणारी ओमानी मुलगी मला फोन करून विचारू लागली, "तुमच्या नानांना बरं वाटत नाहीये का?"

शेवटी त्यांनी स्वतःच तिकीट काढलं. आणि मला म्हणाले, "तू चल. फोन माका कळणा नाय."

मी का गेलो? बायको म्हणाली म्हणून. "बाबांचा चष्मा घेऊन नांदेडला गेला तो माणूस. तू विमानात बसायला कुरकुरतोस?" झालं, मी रजेचा अर्ज टाकला. वर तिने बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. "तिथे कुणी आपलं भेटलं तर द्या."

नानांनी ताणकाटा काढला. "घेणार कोण लिहू?"

"लिहा, 'आपलं कुणी'."

नानांनी तसं लिहिलं.

तारखा नानांनी काढल्या. सुट्टीच्या दिवशी सकाळी चौकात असायला हवं. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, शुक्रवारी भेटायचं, शनिवारी परतीचं विमान. मीही पाहिलं, मान डोलावली. अबुधाबीच्या वकिलातीतून व्हिसा आला. दोहा, साओ पावलो, मोंतेव्हिदेओ. त्या प्रवासात नानांनी हवाईसुंदरीला चार वेळा स्वतःचा ग्लास दिला. पाचव्यांदा ती स्वतःच मागायला आली.

शुक्रवारी सकाळी नानांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. गार वारा होता. हॉटेल जवळच होतं, चालत गेलो. चौक खरोखरच अवाढव्य. मधे उंच चबुतऱ्यावर घोड्यावर बसलेला त्यांचा वीर, खाली जमिनीत त्याचं थडगं आणि तिथे जुन्या काळच्या गणवेशातले दोन शिपाई पुतळ्यांसारखे उभे. चहूकडे ताडासारखी झाडं. एका टोकाला विचित्र मनोऱ्याची जुनी उंच इमारत, आणि दुसऱ्या टोकाला जुन्या किल्ल्याचा दगडी दरवाजा, नुसता दरवाजा. दोन्ही बाजूंना भिंत नाही, मोकळी हवा. लोक बाजूनेही जाऊ शकतात, पण बरेचसे दरवाजातूनच जात होते.

"दार ठेवल्यांनी आणि घर पाडल्यांनी," नाना म्हणाले आणि पावलं मोजायला लागले.

मी बाकावर बसलो. अर्ध्या तासाने नाना फेरी पुरी करून आले ते पांढरेफटक पडून.

"इंजिनेरा, बघ."

मी बघितलं. समोरून एक माणूस चालला होता. काखेत थर्मास, हातात भोपळ्याचं भांडं, त्यात नळी. त्याच्या मागे एक बाई, काखेत थर्मास, हातात भोपळा. पोलिसाच्या हातात भोपळा. बाकावरच्या दोघा पोरींमध्ये एक भोपळा. तो सगळा चौक भोपळे घेऊन हिंडत होता.

नानांनी अकरा वर्षं ते भांडं कपाटात जपलं होतं. दर दसऱ्याला पुसून पूजेत ठेवत. त्याला एकुलतं एक म्हणून हवाई प्रवास घडवला. आणि इथे पानटपरीसारख्या दुकानात दोरीला बारा-बारा भोपळे लटकत होते. मला इतकं हसू आलं की पोट धरून वाकलो.

"हसतंस काय मेल्या?" नाना ओरडले. "भांडी शंभर असतली. माझ्याकडचा त्याचा आसा."

मग त्यांनी योग्य वयाच्या प्रत्येक म्हाताऱ्याला गाठायला सुरुवात केली. पार्सल पुढे करून विचारायचे, "सलालाह?" लोक दचकून बाजूला व्हायचे. एकाने नाणं दिलं. मला एक गोष्ट मात्र खटकत होती. सुट्टीच्या दिवशी इतकी घाई? सगळे टाय लावून, बॅगा घेऊन पळतायत. तेवढ्यात पांढरे झगे आणि गळ्याला निळ्या फिती बांधलेल्या शाळकरी पोरांची रांग त्या वीराला बघायला आली. बाई पोरांना दटावत होत्या. शाळा? शुक्रवारी?

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी कपाळावर हात मारला.

"नाना, आज शुक्रवार."

"मग? सुट्टी."

"आपली सुट्टी, नाना! ओमानची! ह्यांची रविवारी असते!"

नानांनी बोटांवर वार मोजले. तीस वर्षं शुक्रवारी डोक्याला तेल लावलेला माणूस तो. "आयतवारी कोण सुट्टी घेता रे?"

"सगळं जग घेतं! आपण दोघं सोडून!" मी खेकसलो. खरं तर मी जास्त स्वतःवर चिडलो होतो. वेंगुर्ल्यात रविवार, नांदेडला रविवार, आणि आम्ही दोघे शिकले-सवरलेले शुक्रवार धरून अर्धी पृथ्वी ओलांडून आलो होतो.

"उद्याचं विमान आहे," मी म्हटलं.

"तू जा. मी हयसून हलूचंय नाय."

मग काय, दोघांचंही तिकीट रविवार संध्याकाळवर ढकललं. ऑफिसात साहेबांना काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. शनिवारी नानांनी चौक पुन्हा मोजला. शुक्रवारच्या आकड्यात पाच पावलं जास्त निघाली, ती त्यांनी चौकातल्या भोपळ्यांच्या खात्यावर टाकली.

रविवारी सकाळी चौक रिकामा होता. झाडं, कबुतरं, घोडा. साडेनऊच्या सुमारास दगडी दरवाजातून एक उंच, वाकलेला म्हातारा आला. डोक्यावर लोकरीची टोपी, काखेत थर्मास. तो सरळ घोड्याजवळच्या बाकावर येऊन बसला. नानांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तोच."

आम्ही समोर जाऊन उभे राहिलो. नानांनी हात जोडले. "सायब. ओमान. सलालाह. पोर्ट."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. इंग्रजी त्याचं कामापुरतं होतं. "ओमान? हो. होतो मी. फार ऊन." जरा थांबून म्हणाला, "अंगोलातही ऊन होतं."

"मी सर्व्हेअर. सकाळी, केबिन."

म्हाताऱ्याने सभ्यपणे मान हलवली. आठवत नाही. सतरा बंदरांवर काम केलेला माणूस, त्याला कुठला कोण सर्व्हेअर आठवणार? नानांनी छोट्या कात्रीने कापडाची शिवण उसवली आणि भांडं दोन्ही हातांनी पुढे केलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं. "छान आहे. माझं असेल कदाचित. हरवायची सवय आहे मला." आणि ते शेजारी बाकावर ठेवून दिलं.

नानांचा चेहरा मला बघवेना. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू! अरे बाबा, दसऱ्याला फुलं वाहिलीत त्या भोपळ्याला, निदान खोटं तरी म्हण, आठवतंय म्हणून! नानांनी मात्र कापड घडी करून ठेवलं. वही काढली, पेन काढलं, 'पोचलं'वर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने सही केली. अकरा वर्षांचं काम संपलं. नाना वही मिटून तसेच उभे राहिले. निघवेना त्यांना.

म्हाताऱ्याला काहीतरी वाटलं असावं. त्याने आम्हाला बसा म्हणून खूण केली. नानांनी आणलेलं भांडं उचललं, फुंकर मारून त्यात खिशातल्या पुडीतला पाला भरला, पाणी ओतलं. त्यांच्यात पहिलं भांडं वाढणाऱ्याने प्यायचं असतं. तो प्यायला, पुन्हा भरलं आणि नळी नानांकडे वळवून पुढे धरलं.

नानांचा हात सवयीने पिशवीत गेला. ग्लासाचा आवाज आला. मग पिशवीतला हात रिकामाच बाहेर आला, त्याने भांडं घेतलं, आणि नानांनी परक्या माणसाची ओली नळी ओठांत धरली.

एक घोट. दुसरा. तोंड असं वेडंवाकडं झालं की विचारू नका. "कडू किराईत रे!" माझ्याकडे बघून पुटपुटले. पण तळापर्यंत ओढलं. आणि मग तीस वर्षांच्या सवयीने, काहव्याचा कप हलवावा तसं, त्यांनी ते भांडं ऐटीत हलवलं. नळी खडखडली, पाला उडाला, पांढऱ्या शर्टावर हिरवे ठिपके.

म्हातारा त्या हाताकडे टक लावून बघत होता.

"खलास?" तो अचानक म्हणाला. ह्या इथे, घोड्याखाली, अरबांचं 'खलास', म्हणजे 'बस'! मग त्याने टोपी मागे सारली, नानांच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि ओरडला, "मिस्टर टुमारो!"

कबुतरं उडाली.

"मिस्टर टुमारो-इन्शाल्ला! रोज! रोज मला टुमारो!" तो नानांच्या पाठीत धपाधप गुद्दे घालायला लागला. नाव आठवलं नव्हतं, चेहरा आठवला नव्हता, नानांचा नकार तेवढा लक्षात राहिला होता. नाना हसत होते आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. "होय. मीच तो," म्हणत होते. "सॉरी, सायब. व्हेरी सॉरी."

मग भांडं माझ्याकडे आलं. कडू जहर होतं. मी प्यायलो. पुन्हा भरून ते नानांकडे गेलं, माझ्या तोंडातली नळी तशीच. नानांनी ती पुसली नाही. इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही, लावली तोंडाला. मला आई आठवली, तिचं ते 'ग्लास काढला बघ' आठवलं.

लाडवांचा डबा उघडला. म्हाताऱ्याने एकापाठोपाठ तीन खाल्ले. नानांनी वही पुन्हा काढली, 'आपलं कुणी' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि त्याची सही घेतली. काय लिहिलंय ते त्याने विचारलं नाही.

दुपार कलली तसा तो उठला. निरोप घेताना नानांना म्हणाला, "मी हल्ली रोज येतो. टुमारो?"

"टुमारो, इन्शाल्ला," नाना म्हणाले.

मला वाईट वाटलं. संध्याकाळी विमान होतं. म्हातारा मोठ्याने हसला, त्यालाही ह्याचा अर्थ अकरा वर्षांपूर्वीच कळलेला होता. हात हलवत तो त्या भिंती नसलेल्या दरवाजातून गेला.

हॉटेलात मी बॅग भरली. नाना पलंगावर तसेच बसलेले.

"नाना, यल्ला. टॅक्सी आली."

"तू हो पुढे."

"पुन्हा तिकीट बदलायचं? आता कशाला? सही झाली ना?"

"टुमारो म्हटलंय मी त्याला," नाना म्हणाले.

मी एकटाच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी साओ पावलोच्या विमानतळावर मस्कतच्या वाटेवर बसलो होतो, तेव्हा फोनवर फोटो आला. नानांना फोन वापरता येत नाही, कुणाकडून तरी काढून घेतला असणार. फोटोत घोड्याचे पाय अर्धे कापले गेले होते. बाकावर म्हातारा होता, शेजारी शर्टावर हिरवे डाग घेऊन नाना, हातात भोपळा. स्टीलचा ग्लास कबुतरांपुढे ठेवलेला होता, पाणी भरून.